पहिल्या मोटारीची गादी

काम तसं सरळ होतं. संग्रहालयातल्या सगळ्यात जुन्या मोटारीची ड्रायव्हरची सीट उसवायची, आतलं कुजकं भरण काढायचं, नवं भरायचं आणि वरचं मूळ चामडं पुन्हा शिवून द्यायचं. असलं काम हातानं करणारी गावात एकच बाई उरली होती, म्हणून व्यवस्थापकांनी कुशनवालीला बोलावलं. दुपारची जेवणं उरकल्यावर ती हत्यारांची पिशवी घेऊन गेली.

ते संग्रहालय म्हणजे थोरल्या साहेबांचा नुसता उदोउदो. पुढच्या दालनात गावाचा वारसा म्हणून जुन्या दुकानांच्या पाट्या, रस्त्यावरचे दिवे, शाळेची घंटा. मागच्या लांब शेडमध्ये साहेबांच्या कारखान्यातून निघालेल्या मोटारी ओळीनं उभ्या, वर पत्रा आणि अंधूक उजेड, तेलाचा आणि उंदरांचा वास. पहिली मोटार चौथऱ्यावर. तिच्यात साहेबांचा मेणाचा पुतळा, ओठांत त्यांचा नेहमीचा चिरुट, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून. खाली पितळी पाटी होती, साहेबांनी ही मोटार स्वतः चालवत डोंगरापलीकडे नेली म्हणून.

कुशनवालीचे वडील त्याच कारखान्यात फिटर होते. मरेपर्यंत ते सांगत राहिले, की त्या दिवशी गाडी मी नेली. साहेब पलीकडे फोटोवाल्यांबरोबर उभे होते आणि शेवटच्या वळणावर चढून बसले. ऐकणारे हसायचे. गावानं त्यांना 'थापाड्या फिटर' करून टाकलं. बायकोसुद्धा चारचौघांत म्हणायची, "ह्यांना सायकल धड येत नाही, मोटार कसली चालवतात!" लेकीचा तेवढा विश्वास होता. विश्वास कसला, हट्टच.

आणि आज तो हट्ट खरा ठरणार होता. घोड्याचे केस आणि काथ्या भरलेली जुनी गादी बसणाऱ्याच्या अंगाचा साचा धरते. फिटरचा डावा पाय आखूड होता, ते कायम डावीकडे कलून बसायचे. चामडं उसवलं की आत कोण बसलं होतं ते दिसणार होतं.

व्यवस्थापकांनी पुतळा उचलून बाजूला ठेवला. "आटपा हं लवकर, बाई. उद्या साहेबांच्या घरचे येणार आहेत. तुमचे वडीलही इथेच होते ना?"

"फिटर होते."

"म्हणजे ते... मोटारवाले?" त्यांनी हसू दाबलं.

दाभणाच्या टोकानं तिनं एकेक टाका उचलला आणि चामडं मागे सारलं.

खड्डा सरळ होता. रुंद, खोल, दोन्ही बाजूंनी सारखा. डावीकडे कललेलं काही नाही. तिनं त्यात तळहात ठेवला. इतक्या वर्षांची बंद गादी गार असायला हवी होती. ती कोमट होती, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी. चिरुटाचा वास आला.

तिला भीती आधी वाटली नाही, राग आला. बापाचा की साहेबाचा, तिचं तिलाच कळेना. पुढे साहेब वर्षानुवर्षं ह्याच सीटवर बसून मिरवले असतील. त्यात एका दिवसाचा साचा कुठून उरणार? मेल्यावरही बाप खोटाच पडला.

"काथ्या कमी पडतोय, घरून आणते," असं सांगून जुनं भरण तिनं गोणीत कोंबलं आणि घर गाठलं. खोलीत आई नेहमीच्या जागी बसली होती. तिला आता नीट दिसत नसे. शेजारी बाबांची खुर्ची. कुशनवालीनं खुर्चीची गादी उसवली आणि आतलं भरण कललेल्या साच्यासकट अलगद बाहेर काढलं.

"काय करतेस?" आईनं विचारलं.

"बाबांची गादी बदलते."

खुर्ची रिकामी ठेवून चालणार नव्हतं. आई त्या गादीवरच हात टेकून उठायची. शिवाय गादीकाम करणाऱ्याच्या घरी भरण फेकत नाहीत. तिनं गोणीतलं भरण खुर्चीत दाबलं, घाईघाईनं टाके घातले आणि बापाचं भरण घेऊन ती शेडमध्ये परतली. सूड केवढा, तर गोणीभर केसांचा. पण शिवताना तिचे डोळे भरून आले. आता कुणी हसलं तरी बाबा गाडीत बसलेत, एवढं समाधान तिला पुरे होतं.

पुतळा पुन्हा बसवला तसा तो डावीकडे कलला. व्यवस्थापकांनी सरळ केला, पुन्हा कलला.

"भरण नीट झालं नाही का?"

"नवी गादी आहे. बसेल हळूहळू."

"उद्यापर्यंत कुठली बसते!" त्यांनी चामड्याचा पट्टा आणून पुतळा सीटला करकचून आवळला. पट्टा ताणला गेला तसा सीटमधून आवाज आला. छातीवर कुणी बसलं की माणसाचा येतो, तसा... दबका, लांब.

"स्प्रिंग असेल," व्यवस्थापक म्हणाले.

त्या सीटला स्प्रिंग नव्हती. तिनं हत्यारं कशीबशी पिशवीत टाकली आणि वाट धरली.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. आई भिंतीला पाठ लावून उभी होती. आधाराशिवाय उठता न येणारी आई.

"आई... उभी का?"

"बसू कशी? साहेब आलेत."

खुर्चीत कुणी नव्हतं. खोलीत चिरुटाचा वास होता.

"काय म्हणतात?" तिनं दारातूनच विचारलं.

"गाडी तुझ्या बाबांनीच चालवली म्हणतात." आई हलकेच रडत होती. "मी जन्मभर त्यांना थापाड्या म्हटलं गं."

ह्या एका वाक्यासाठी कुशनवाली लहानपणापासून थांबली होती.

"पण बाहेर बोलायचं नाही, असं म्हणाले."

"आणि बाबा... बाबा कुठेत?"

"तूच नेऊन बसवलंस ना तिथं? हाका मारतायत म्हणे. पण वर साहेबांचा पुतळा बसवलाय... उठायचे कसे?"

खुर्चीची गादी दोन्ही बाजूंनी सारखी, सावकाश आणखी खाली गेली. कुशनवालीनं दाभण काढलं, गुडघ्यांवर बसली आणि कापडाच्या कडेनं चाचपू लागली. कापड कोमट होतं. ती चारी बाजूंनी फिरली, पुन्हा फिरली. दुपारी स्वतःच्या हातानं घातलेला एकही टाका तिला सापडेना. गादीला शिवणच नव्हती.