शेवटची दोन पानं

सरावाच्या चार नंबरच्या खोलीबाहेर लावलेल्या तक्त्यात एकाच तासापुढे दोघांची नावं पडली होती, म्हणून आमची भेट झाली. मी आत पियानोशी झटापट करत होते आणि तो व्हायोलिनची पेटी घेऊन दारात उभा. माझा मुख्य विषय रसायनशास्त्र. आमच्या कॉलेजात प्रत्येकाला एक कला घ्यावीच लागते, तेव्हा आयते गुण मिळतील म्हणून मी संगीत घेतलं – हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! तो इतिहासाचा. वाजवताना ओठांतल्या ओठांत मात्रा मोजायचा, म्हणून सगळे त्याला घड्याळ म्हणत.

"अर्धा तास मी वाजवतो," तो म्हणाला, "उरलेला अर्धा तास तू चूक."

"आणि दोघं एकदम चुकलो तर?"

"तर... परीक्षेला जोडी लागतेच की."

त्याच्या हनुवटीखाली व्हायोलिन टेकून टेकून तांबूस वण पडला होता. त्या दिवसापासून मी त्या वणाकडे बघायला निमित्तं शोधू लागले.

परीक्षेसाठी चार पानांची एक रचना आम्ही बसवायला घेतली. संगीताच्या सरांचा एकच नियम होता, आणि तो त्यांनी आमच्या हाडीमाशी मुरवला होता. चुकलात तर चुकलात, पण थांबायचं नाही.

त्याची आई आजारी असल्याचं मला बऱ्याच उशिरा कळलं. डॉक्टरांनी हात टेकले होते. परीक्षेला सहा आठवडे होते आणि तिच्यापाशी तेवढे नव्हते. तिनं त्याला कधी पूर्ण रचना वाजवताना ऐकलं नव्हतं. येशील का घरी, असं त्यानं विचारलं. माझ्याच्यानं एकट्यानं होणार नाही, म्हणाला.

आई शिवणकाम करायची. तिच्या मशिनच्या टेबलावर मी छोटा कीबोर्ड ठेवला. समोरच तिचा पलंग. हाच का तो चुकणारा पियानो, असं तिनं मला क्षीण आवाजात विचारलं, आणि मी लाजले. तो मात्र खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. तिच्याकडे पाहिलं तर हात कापतील, म्हणाला.

आई दोन बोटांत चादरीची कड चाचपत होती, कापडाचा पोत बघावा तशी. दुसरं पान संपताना ती बोटं थांबली. छाती वर आली नाही.

मला कळलं. पण माझे हात थांबले नाहीत. इतकं सुंदर त्यानं आधी कधीच वाजवलं नव्हतं... मी तिसरं पान वाजवलं, चौथंही वाजवलं. मग तो हसत हसत वळला.

सगळं आटोपल्यावर त्यानं विचारलं, तुला केव्हा कळलं? खोटं बोलता आलं असतं. बोलले नाही.

"म्हणजे दोन पानं मी तिच्याकडे पाठ करून..." तो म्हणाला. "तू थांबली असतीस तर मी तिचा हात तरी धरला असता."

"चुकलं माझं," मी म्हटलं. तो निघून गेला.

एकोणीस दिवस तो आला नाही. मी त्या खोलीत रोज नुसती बसून राहायचे. माझं त्याच्यावर प्रेम आहे, हे मी तेव्हा पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं, तेही त्याच्यापुढे तोंड दाखवायची सोय उरली नसताना.

विसाव्या दिवशी तो आला. दाराला पाठ लावून जमिनीवर बसला. दाढी वाढली होती, हनुवटीखालचा वण दिसतही नव्हता.

"सांग," तो म्हणाला. "तू काय काय पाहिलंस ते."

मी त्याच्याशेजारी बसले आणि सांगितलं. चादरीची कड, बोटं, तिचे डोळे त्याच्या पाठीवर कसे खिळले होते ते.

"हसत होती?"

"नाही. ऐकत होती."

तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडला. बराच वेळ रडला.

"मला अजून तुझा राग येतो," तो म्हणाला.

"येऊ दे."

"पण तिचे शेवटचे क्षण फक्त तुझ्यापाशी आहेत. मी ते पुन्हा पुन्हा विचारणार... म्हातारा झालो तरी विचारेन. चालेल तुला?"

मी त्याचा हात हातात घेतला, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.