बंदराच्या बागेतले चार खड्डे

मंजुषावहिनींनी स्टीलची डबी उघडली. आत नुसती सेफ्टी पिन होती. मंगळसूत्र नव्हतं.

समुद्रात उतरताना त्यांनीच ते डबीत ठेवलं होतं. डबी पिशवीत, पिशवी सतरंजीवर आणि सतरंजीवर राखणीला तौसिफ. मशीनवर भाजलेल्या मनगटाला पट्टी होती, म्हणून तो पाण्यात उतरला नव्हता.

पुण्याजवळच्या चिखलीतल्या एका प्रेसशॉपची, म्हणजे पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याची सहल रायगडातल्या बंदराला खेटून असलेल्या बागेत आली होती. अलीकडे घसरगुंडी आणि भेळ, पलीकडे मासळीच्या टोपल्या, डिझेलचा वास आणि नांगरलेल्या होड्या. सकाळी बसमध्ये मालक अण्णासाहेबांनी जाहीर केलं होतं, सोमवारपासून तौसिफ शिफ्ट इन्चार्ज. टाळ्या वाजल्या होत्या, पण मोजक्याच.

आता चार वाजले होते आणि सगळे त्याच्याभोवती उभे होते.

“इथून उठला होतास?” वहिनींच्या यजमानांनी, म्हणजे अण्णासाहेबांनीच विचारलं.

“दहा मिनिटं. नमाजाला.”

“कधी?”

“फोटो काढला त्यानंतर लगेच. दीड वाजला असेल.”

“राखण देवावर सोडून देवाकडे गेला,” मालकांचा पुतण्या ओंकार म्हणाला आणि एकटाच हसला.

अण्णासाहेबांनी तौसिफचा फोन काढून घेतला. “बॅग उघड.”

“इथं नको, अण्णा.” गणराज मध्ये पडला. कंपनीत त्याला बारा वर्षं झाली होती. इन्चार्ज तोच होणार असं सगळे धरून चालले होते. “परकी माणसं बघतायत. निघताना बसजवळ सगळ्यांच्याच बॅगा बघू. तोवर मी वाळूत शोधतो. नाही मिळालं तर पोलीस चौकी आहेच.”

बोलणं समजूतदार होतं. तौसिफ खाली बसला, बॅग पोटाशी धरून.

प्रभावतीबाई कंपनीत इन्स्पेक्शनच्या टेबलावर असत. वीस वर्षं पत्र्याच्या तुकड्यांतली खोट शोधण्यात गेलेली. तौसिफचं नाव निघालं तेव्हा त्यांचा हात आपोआप स्वतःच्या बांगड्यांकडे गेला होता. त्याची त्यांना आता लाज वाटत होती, आणि लाज वाटली की त्या कामाला लागत.

“ओंकार, तो फोटो कुठून काढलास?”

“त्या चौथ्या दिव्याच्या खांबापासून. चौथऱ्यावर मोबाईल ठेवला, टायमर लावला. का, स्टेटसला ठेवायचाय?”

“दाखव.”

फोटोत सगळे दात काढून उभे होते. मागे एक लाल होडी, आणि बरोबर तिच्या मागे बर्फाच्या कारखान्याचं निळं छप्पर.

बाईंनी त्याच खांबाशी उभं राहून पाहिलं. छप्पर जागेवर होतं. लाल होडी मात्र पार डावीकडे, धक्क्याच्या अंगाला.

“मावशी, ती होडी कुणी हलवली?” त्यांनी मासळीवालीला विचारलं.

“कोन हलवनार? नांगरावर हाय ती. पानी फिरलं की होडी फिरते. तुमी घाटावरची का?”

“व्हय,” बाई म्हणाल्या.

सगळे सतरंजीभोवती शोधत होते. गणराज एकटा दूर, मोकळ्या वाळूत. त्यानं चार खड्डे केले होते. बाईंनी खांबापासून प्रत्येक खड्ड्यापर्यंत पावलं मोजली. बारा. बारा. बारा. बारा.

“गणराज, इथं कोण बसलं होतं रे?”

“कुणी नाही, ताई. वाऱ्यानं आलं असेल.”

“दीड तोळा सोनं?”

“चोरानं पुरलं असेल मग.”

“मग तू सतरंजीपाशी का नाही शोधलंस?”

“माझी उलटतपासणी घेताय का? ज्याची घ्यायची तो तिकडे बसलाय.”

बाई खांबाशी परत गेल्या. लाल होडीकडे पाठ फिरवल्यासारखं केलं, निळ्या छपराकडे तोंड केलं आणि चालू लागल्या. बाराव्या पावलाला गुडघ्यांवर बसून हातानं वाळू उपसली. कोपरभर खाली वेफर्सचं रिकामं पाकीट लागलं. पाकिटात काळे मणी आणि दोन वाट्या.

गर्दी जमली.

“दुपारी ज्यानं हे पुरलं, त्यानं खांबाशी उभं राहून खूण धरली,” बाई म्हणाल्या. “लाल होडीच्या रेषेत बारा पावलं. तेव्हा होडी त्या निळ्या छपरासमोर होती. आपण चाकणच्या रस्त्यावरची माणसं. ट्रेलर उभा केला की महिनाभर तिथंच उभा. होडी फिरते, हे कुणाला ठाऊक? मलाही तासाभरापूर्वी नव्हतं. चारही खड्डे बघा. खांब आणि होडी आत्ता जिथं आहे, त्या रेषेच्या आजूबाजूला. आणि अंतर एकच. खूण माहीत असल्याशिवाय कोण असं उकरेल?”

“विकायचं होतं का त्याला?” वहिनींनी विचारलं.

“नाही. ते तौसिफच्या बॅगेत सापडायला हवं होतं. तो नमाजाला गेला तेव्हा यानं डबी उघडली, पण बॅग तो बरोबर घेऊन गेलेला. पोहायच्या चड्डीला खिसा नाही, म्हणून तात्पुरतं पुरलं. निघायच्या गडबडीत बॅगेत सरकवायचं होतं. म्हणून तर गणराज म्हणाला, झडती बसजवळ. वस्तू हाती लागेपर्यंत त्याला वेळ हवा होता.”

मग गणराजच बोलला, नखांतली वाळू काढत.

“बारा वर्षं मी ओव्हरटाइम केला. आणि काल आलेला हा मला ड्युटी लावणार? तोही...” पुढचा शब्द त्यानं गिळला. तो सगळ्यांना ऐकू आला.

“तू एसटीनं ये,” अण्णासाहेब म्हणाले. “सोमवारी ऑफिसात भेट, आत शिरायच्या आधी.” मग त्यांनी तौसिफपुढे फोन धरला. “झालं गेलं विसर, राव. इन्चार्ज तूच.”

तौसिफनं फोन घेतला. “इन्चार्ज आहेच मी. सकाळीच सांगितलंत. आता सहा तास बसमध्ये कुणाशेजारी बसू, तेवढं सांगा.”

अण्णासाहेब समुद्राकडे बघू लागले. ओंकारनं वाळूत चप्पल घोळवली.

“माझ्या शेजारी ये, भाऊ,” मंजुषावहिनी म्हणाल्या.

“येतो,” तौसिफ म्हणाला. “आधी तुमची पर्स दुसऱ्या सीटवर ठेवा.”