भिंतीवरचं माप

घरमालकाचं रंगाचं दुकान तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच होतं. ती शिवणकाम करायची. तयार कपडे गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचवून परत येताना एका दुपारी ती सहज त्याच्या दुकानात डोकावली.

"काका, मुलीच्या खोलीत भिंतीवर बुरशी धरलीय. जरा बघून जाता का?"

"खिडक्या बंद ठेवत असाल," घरमालक म्हणाला.

तिने खिडक्या उघड्या ठेवायला सुरुवात केली. बुरशी वाढली. ती पुन्हा गेली.

"खिडक्या उघड्या ठेवत असाल. बाहेरची हवा दमट असते," घरमालक म्हणाला.

हा माणूस बसायचा कुठे, तर 'ओल, बुरशी, पापुद्रे: एका हातात गायब' अशा भल्यामोठ्या पाटीखाली. डब्यांच्या चळती मागे, पुढे, डोक्यावर. आणि त्या चळतींमधून तो भाडेकरूला सांगायचा, की बुरशीला काही इलाज नसतो, तुम्ही ओले कपडे घरात वाळवत जाऊ नका. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण घर त्याचं होतं, आणि ती तशीच घरी यायची.

घरी ती आणि तिची मुलगी, दोघीच. नवरा मालवाहू जहाजावर, महिनोन्‌महिने बाहेर. मुलीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण पोर एका जागी ठरत नसे. पण बुरशी आल्यापासून भिंगरीला खोकला लागला होता. कोरडा, ढास लागणारा, छातीतून खरवडून आल्यासारखा. डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली आणि शेवटी वैतागून म्हणाले, "औषधानं काय होणार? एक तर भिंत बदला, नाही तर घर."

भिंत बदलणं काही तिच्या हातात नव्हतं. तिने ब्लीच लावलं, व्हिनेगर लावलं, तारेच्या घासणीने घासघासून बोटांची सालं काढली. डाग निघायचा आणि सकाळी त्याच जागी, त्याच आकाराचा परत यायचा. पलंगाच्या मागे, लहान मुलाच्या उंचीचा. त्याला वास होता ओल्या गोणपाटाचा, आणि त्याखाली आणखी एक, बरेच दिवस न धुतलेल्या केसांचा.

शेवटी तिने भावाच्या बायकोला फोन केला. ती वकील, म्हणून घरात वकीलवहिनीच.

"हे बघ," वहिनी म्हणाली, "भाडं अडवून धरू नकोस, तो त्याच निमित्तानं तुला बाहेर काढेल. आधी लेखी कळव. महापालिकेच्या आरोग्य खात्याला बोलव, त्यांनी ओल आहे असं लिहून दिलं की त्याला दुरुस्ती करावीच लागेल. तेही नाही जमलं, तर त्याला कळवून दुरुस्ती आपण करायची आणि भाड्यातून वळती करायची. आणि अगदीच काही नाही, तर घर सोडायचं. पण सगळ्याला पुरावा लागतो. डागाच्या कडेनं खडूनं रेघ मार आणि रोज फोटो काढ. रेघेच्या बाहेर गेला, की वाढतोय हे दिसेल."

तिने मशीनच्या खणातून मार्किंगचा खडू काढला. एका हाताने पलंग ओढला आणि भिंतीवर रेघ मारत गेली. मानेचा गोल, खांद्याचा उतार, बगलेचा बाक. हात आपसूक चालत होता. वर्षानुवर्षांची सवय. पूर्ण झाल्यावर ती दोन पावलं मागे सरकली.

तिने डागाच्या कडेनं रेघ मारलीच नव्हती. कापडावर आखताना शिवणीसाठी चौफेर जास्तीची जागा सोडतात, तशी दोन बोटं जागा सोडून तिने आखलं होतं. आणि आखलं होतं ते एका मुलीचं माप होतं. भिंतीला पाठ लावून, खोलीकडे तोंड करून उभ्या असलेल्या मुलीचं.

तिची नजर सवयीने खांद्यांवर गेली. उजवा खांदा उतरता होता.

तिला हायसं वाटलं. भिंगरीचा डावा खांदा जन्मापासून उतरता, तिचा प्रत्येक फ्रॉक ती तसा बेतून कापायची. म्हणजे हे दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. कुणाचंही असो, आपल्या पोरीचं नाही, एवढं तिला पुरलं.

सकाळी डाग खडूच्या रेघेपर्यंत भरला होता. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. बेतून घातल्यासारखा.

तिने फोटो घरमालकाला दाखवले. त्याने चष्मा वर केला, खाली केला. "आधी आखलंत आणि मग रंगवलंत की काय? चांगलंय हो तुमचं ड्रॉइंग."

आरोग्य खात्याचा माणूस यायलाच किती दिवस लागले. आज येतो, उद्या येतो, साहेब रजेवर आहेत. फोन करून करून तिच्या नाकी नऊ आले. आला तेव्हा त्याच्याकडे ओल मोजायचं यंत्र होतं. त्याने ते भिंतीला ठिकठिकाणी लावलं. काटा हलला नाही.

"भिंत कोरडी ठणठणीत आहे, बाई."

"मग हे काय आहे?"

त्याने डागावर तळहात टेकवला आणि चटकन काढून घेतला. मग तो हात पँटला पुसत राहिला, बराच वेळ. "ओल नाही. ओल असती तर मी नोटीस काढली असती," तो म्हणाला. दारापर्यंत गेला आणि चपला घालता घालता आवाज खाली आणून म्हणाला, "मुलीला… त्या खोलीत झोपवू नका."

ती काय हौसेनं झोपवत होती? ती पोरीला आपल्या कुशीत घेऊन निजायची. उजाडताना कूस रिकामी असायची आणि भिंगरी त्या भिंतीला टेकून बसलेली असायची, खोकत.

"इथे का आलीस गं?"

"ती बोलावते," भिंगरी म्हणाली. "आई, तिला आता घट्ट होत नाही. आधी हातसुद्धा हलवता यायचा नाही तिला. तू मोठं करून दिलंस ना…"

त्याच दिवशी तिने घर सोडायचं ठरवलं. दुरुस्ती नको, नुकसानभरपाई नको, काही नको. पोरीला घेऊन इथून सुटायचं, बस्स.

टेम्पो खाली उभा होता, भर दुपारी, लख्ख उन्हात. किल्ली घ्यायला घरमालक जातीने आला. इतके महिने ज्याला जिना चढवत नव्हता, तो त्या दिवशी दोन दोन पायऱ्या चढून आला. "दाखवा तुमची बुरशी," म्हणत तो सरळ मुलीच्या खोलीत शिरला.

भिंगरी भिंतीपाशी उभी होती. आणि भिंत स्वच्छ होती. नुसती खडूची रेघ, आत काही नाही. वासही नाही.

"कुठाय?" घरमालक हसला. "अहो, उगाच माणसाला बदनाम करायचं!"

तिला रडू फुटलं, संतापाचं. इतके खेटे, इतके फोन, इतकं घासणं, आणि आज, नेमकं आज! तिने किल्ली त्याच्या पुढ्यात आपटली, मुलीचा हात धरला आणि जिना उतरली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

नव्या घरात ऊन होतं. भिंगरीचा खोकला त्याच दिवसापासून थांबला, एकदम. पोर शांत झाली होती. तासन्‌तास एका जागी बसायची. आजारपणाचा थकवा असेल, असं आई सगळ्यांना सांगत होती. स्वतःलाही.

पुढच्या आठवड्यात तिने नवा फ्रॉक कापला, नेहमीच्या मापाने. टाचण्या लावून भिंगरीच्या अंगावर चढवला, तर डावीकडे ओढत होता आणि उजवीकडे झोळ पडला होता.

"नीट सरळ उभी राहा बरं."

"सरळच आहे."

तिने फ्रॉक उसवला, पुन्हा लावला. झोळ तिथेच. मग तिने टेप घेतली. मोजलं, पुन्हा मोजलं.

उजवा खांदा उतरता होता.

"माझा असाच आहे," मुलगी म्हणाली. तिच्या केसांना वास येत होता. सकाळीच धुतले होते तरी.

तिने फोन उचलला.

"काका… ती भिंत. पोरीच्या खोलीतली. तिला हात लावू नका. मी येतेय, आत्ता येतेय…"

"आता सांगताय?" घरमालक उसळला. "महिनोन्‌महिने माझं डोकं खाल्लंत, भिंत रंगवा, भिंत रंगवा! तुम्ही गेलात आणि डाग परत आला. खरंच होतं तुमचं, मान्य. म्हटलं, कटकट नको. सकाळीच रंगवून घेतली. दुकानातला चांगल्यातला रंग काढला, दोन हात मारले."

तिने हातातली टेप खाली टाकली.

"पेंटर मात्र पळपुटा निघाला," तो पुढे म्हणाला. "म्हणे भिंतीतून खोकल्याचा आवाज येतोय. शेजारचं कुणी असेल, मी म्हटलं. पण आवाज मीही ऐकला. कोरडा, ढास लागणारा… दुसरा हात दिला तेव्हा जरा दबला."

फोन तिच्या हातून सुटला. ती चपलासुद्धा न घालता दाराकडे धावली.

दारात मुलगी उभी होती, टाचण्या लावलेल्या अर्धवट फ्रॉकमध्ये, दोन्ही हात पसरून वाट अडवून.

"नको ना जाऊस, आई," ती हळूच म्हणाली. "तिकडे फार घट्ट होतं…"