सोडलेला वाटा

बाबूसिंग दारात आला तेव्हा नथ्थूजी ताक पीत होते. त्यानं रामराम केला नाही, नाव सांगितलं नाही. नथ्थूजींच्या हातातल्या पेल्याकडं तो नुसता बघत राहिला.

“आधी त्याले पानी द्या,” जानराव म्हणाले.

तीन तांबे घशाखाली गेल्यावर माणूस बोलता झाला. मानोऱ्याकडच्या वाघझरीच्या तांड्यावरून तो आला होता, मिळेल तिथं गाडीनं आणि उरलेलं पायी.

“माह्या बाईले, हिरीबाईले, चावडीत बांधून ठेवलं साहेब. उद्या सकाळी पंच बसतेत. तांडा उठवतो म्हन्तेत.”

“काहून?”

“गावच्या विहिरीत मेली बकरी निघाली. खुनेसाठी कान कापेल व्हता, म्हंजे आमचीच. पान्यानं शाळेतली तीन लेकरं गेली.” त्यानं तांब्या खाली ठेवला. “त्यातली एक माही पोरगी. पहिलीत व्हती. तिच्या मायले मातीलेबी येऊ नाही देलं.”

जानरावांनी कोट खुंटीवरून काढला. पोलिसातली जमादारी सोडून ते वाशिमच्या वकिलांसाठी तपास करत. नथ्थूजी तीस वर्षं कंपाउंडर होते. रोगी सांगेल तो रोग खरा मानून पुडी बांधायची, ही त्यांची सवय सुटली नव्हती, आणि जानराव त्यांना त्यावरून चिडवत. तरी जानराव त्यांच्याशिवाय कुठं जात नसत.

सत्तावन्न सालचा चैत्र होता. वाघझरीला पोचेतो ऊन कलायला लागलं. तांड्याची वाट गायरानातून जात होती, आणि गायरानाला लागून एका शेताचा धुरा, म्हणजे बांध, होता. धुऱ्याची माती ताजी, ओली उकरलेली. त्याच्या पायथ्याशी दगड रचलेला एक लहानसा उंचवटा होता. बाबूसिंगानं पागोटं काढून हातात घेतलं, आणि नथ्थूजींनी पायातल्या वहाणा काढल्या.

“वावर कोनाचं?” जानरावांनी विचारलं.

“उकंडरावचं. पंच हायेत ते. त्याईचाबी नातू गेला.”

तांड्याच्या वरच्या अंगाला गावाची वस्ती होती; ह्या वरच्या पुऱ्याचा कारभार पाच पंच बघत. नाली, दिवाबत्ती, कोंडवाडा, पाणी, सगळं त्यांच्या ठरावानं. यंदा विहीर आटत आली म्हणून घरटी चार घागरी, त्याही सकाळीच. तांड्याचा झिरा कोरडा पडला म्हणून दुपारची पाळी तांड्याला. विहिरीवर धुरपताबाईला बसवलं होतं. दर घागरीला ती त्या घराच्या खुणेखाली कोळशाची रेघ ओढायची आणि दिवेलागणीला घरी जायची.

“हिरीनंच केलं,” धुरपताबाई म्हणाली. “सोमवारी माह्याशी भांडली. एक घागर जास्त मांगे. मी देली नाही.”

जानराव भिंतीवरच्या रेघा बघत होते. “ही टोकाची खून कोनाची? मंगळवारपासून रेघा येगळ्या काढल्या.”

“उकंडरावची. त्याईनं आपला वाटा सोडला ना! मंगळवारी सकाळीच येऊन म्हने, धुरपता, माह्या वावरात विहीर हाये, मी गाडीवर पान्याचं टिपाड आनतो, माह्या चार घागरी गावाले. त्या मंग शाळेत गेल्या. असा मानूस दिवा लावून सापडनार नाही.”

नथ्थूजींना भरून आलं. एवढ्या टंचाईत स्वतःच्या तोंडचं पाणी सोडणारा माणूस, आणि देवानं त्याचाच नातू न्यावा!

जानरावांनी किसनसिंग नावाच्या तांड्यावरच्या एका गड्याला विहिरीत उतरवलं. तो वर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर अर्धगोल दगड होता. सरळ कडेच्या मधोमध खाच, आणि खाचेत अंबाडीच्या दोराचा तुटका शेव.

“फुटकं जातं,” नथ्थूजी म्हणाले. “कोनी टाकलं असंल.”

“हो, टाकलं तर हायेच,” जानराव म्हणाले आणि दगड पोत्यात घातला.

पंचांचे मुख्य रामराव शाळेच्या ओट्यावर पान चघळत बसले होते. बाजूला रांजण भरलेला होता, आणि त्याचा वास ओट्यापर्यंत येत होता.

“हा अजून रिता नाही केला?” नथ्थूजींनी नाकाला धोतर लावलं. ह्या उन्हात दोन दिवस साचलेलं घाण पाणी म्हणजे जहर, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. घरोघरी लोक ओकून उठले होते, दगावली होती ती इथं प्यायलेली पोरं.

“कोनं रिता कराचा, त्याचा ठराव उद्या घेऊ,” रामराव म्हणाले. “तांड्याले पानी नोका देऊ, हे मी बैठकीत ओरडून सांगतलं. उकंडरावच म्हने देऊ. आता भोगा!”

“हिरीबाईची पोरगी गेली त्यात,” नथ्थूजी म्हणाले.

“असल्या लोकाईले पोरीचं काय सोयरसुतक?” रामराव पिंक टाकून म्हणाले.

नथ्थूजी एक पाऊल पुढं सरकले. जानरावांनी शांतपणे विचारलं, “वाटा शाळेले द्याचं कोनं ठरवलं?”

“आमी. मंगळवारी दुपारी. उकंडराव मानोऱ्याले गेलते, बुधवारी सांजले आले. चांगल्या कामाले कोनाची वाट पाहाची?”

उकंडरावांच्या अंगणात दोघांनी पाय धुतले. पायाखाली अर्धवट गोल दगड होता, त्याच्या कडेच्या खाचेत पाणी साचत होतं. उकंडराव खाटेवर बसून होते, डोळे सुजलेले, आवाज मऊ.

“तांड्याचा राग नाही मले,” ते म्हणाले. “पन गाव ऐकत नाही. उठले तर त्याईचंच भलं हाये.”

“कोंडवाड्याची किल्ली तुमच्यापाशी असते?”

“हो. हिरीबाई आलती सोमवारी सांजले इचाराले. बकरी नोती तिथं.”

सून प्रयागबाई चहा घेऊन आली. तरुण विधवा, कपाळ मोकळं. एकुलता मुलगा शेषू जाऊन दोन दिवस झाले होते. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते नथ्थूजींना जास्त लागलं. उकंडराव बैल बांधायला गेले तेव्हा जानराव तिच्याशी बोलले.

“घरात आनखी कोनाले तरास झाला, बाई?”

“नाही. आमी वावरातलं पानी पेतो. पोरगा तेवढा...” तिनं चहा खाली ठेवला. “बुधवारी सांजले वकत होता. मामाजी गावावरून आले, पयले त्याले इचारलं, पानी कुठं पेला रे? तो म्हने शाळेत. मामाजी भितीले टेकून खालीच बसले. लय जीव होता त्याईचा.”

“अन् हा पाय धुवाचा दगड जात्याचा व्हय?”

“हो. होळीले जातं फुटलं. फुटकं जातं घरात ठेवत नाही. एक अर्धं इथं टाकलं, एक मामाजीनं वावरात नेलं.”

चावडीत हिरीबाई खांबाला बांधलेली होती. मनगटं सोलून निघाली होती. नथ्थूजींनी तांब्या तिच्या ओठांना लावला.

“बकरी कुठं गेलती?” जानरावांनी विचारलं.

“उकंडरावच्या वावराकडं.” मग तिनं नथ्थूजींकडं बघितलं. “माह्या पोरीनं गुरुवारी सकाळी शाळेत पानी पेलं. मीच म्हनलं तिले, शाळेतच पे. आपली पाळी दुपारी असते.”

बकरी त्याच गुरुवारी दुपारी तरंगून वर आली होती.

सकाळी सारा पुरा चावडीपुढं जमला. जानरावांनी नथ्थूजींना उकंडरावांच्या अंगणातला दगड आणायला पाठवलं होतं, आणि त्यांनी तो खांद्यावर घालून आणला, कशाला ते न कळता. प्रयागबाई आडवी आली नाही. ती मागोमाग चालत आली.

रामरावांनी ठराव वाचायला तोंड उघडलं.

“थांबा,” जानराव म्हणाले. “बकरी कोनाची, हे पंचाईनं पाह्यलं. बुडवली कशानं, हे कोनी पाह्यलं नाही. मेली बकरी नुसती टाकली असती तर लवकर दिसली असती. तिले दगड बांधला, म्हंजे ती खाली राहावी, सडावी अन् लोकाईनं ते पानी प्यावं. हिरीबाईची पोरगी तेच पानी पेत होती.”

“मंग कोनं?” रामरावांनी विचारलं.

“ज्याच्या घरानं ते पानी पेनं आधीच सोडलं त्यानं. सोमवारी बकरी हरपली. मंगळवारी सकाळी, कोनी आजारी नसतानी, एकाच घरानं विहिरीचं पानी सोडलं. तुमीच कोळशानं लिहून ठेवलं भितीवर.”

गर्दीची तोंडं उकंडरावांकडं वळली. 

“दान केलं मी!” उकंडराव ओरडले. “अन् माह्याच नातवाले मारीन?”

“तुमच्या मागं पंचाईनं तुमचा वाटा शाळेच्या रांजनात टाकला. तुमाले माईत नोतं. बुधवारी सांजले पोरगा वकताना पाह्यला अन् तुमी पयलं काय इचारलं? पानी कुठं पेला. बकरी निघाली गुरुवारी दुपारी. पानी खराब हाये हे बुधवारी कोनाले माईत व्हतं?”



जानरावांनी पोतं उलटं केलं. विहिरीतला दगड आणि अंगणातला दगड त्यांनी कडेला कड लावून ठेवले. दोन खाचा जुळून खुंट्याचं भोक पूर्ण झालं.

“तांड्याले पानी द्या म्हनून मोठेपना घेतला, म्हंजे आळ आपल्यावर येत नाही. तांडा उठला की गायरान मोकळं. धुरा तं तुमी आधीच सरकवला. कोनासाठी? नातवासाठीच ना? आनखी एक सांगतो. बुधवारी सांजले तुमी एक शबद बोलले असते, तं गुरुवारी त्या रांजनाचं पानी कोनी पेलं नसतं. हिरीबाईची पोरगी जिती असती.”

उकंडरावांनी नाही म्हटलं नाही. ते मटकन खाली बसले, आणि नथ्थूजींना त्यांची कणभरही कीव आली नाही. आली असती तर त्यांना स्वतःची लाज वाटली असती.

प्रयागबाई गर्दीतून निघून गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात तांब्या होता. रांजण अजून तसाच भरलेला होता, कारण तो रिता करायचा ठराव व्हायचा होता.

तिनं तांब्या सासऱ्यापुढं ठेवला.

“आपल्या वाट्याचं हाये, मामाजी. प्या.”

उकंडरावांनी पंचांकडं पाहिलं. रामराव पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. एकाही पंचानं नको म्हटलं नाही. उकंडरावांनी तांब्या उचलला, तेवढ्यात जानरावांनी तो हिसकून ओतून दिला.

“कचेरीत जितं न्याचं हाये याले.”

“शेषू पानी पानी करत होता,” प्रयागबाई म्हणाली, “तवा कोनं हात आडवा केला व्हता?”

नथ्थूजी हिरीबाईचे दोर सोडत होते. गाठी रक्तानं चिकटल्या होत्या. रामरावांनी घसा साफ करून जाहीर केलं की तांडा उठवायचा ठराव पंच मागं घेतात, आणि पाण्याचं पुढच्या बैठकीत बघू.

हिरीबाईनं तिकडं लक्ष दिलं नाही. ती नवऱ्याला म्हणाली, “कुठं ठेवली तिले?”

“गायरानात,” बाबूसिंग म्हणाला. “धुऱ्यापाशी.”

ती उठली. तिनं कोणाचा हात धरला नाही. पंचांपुढून जाताना ती थांबली.

“ठराव मागं घ्या का पुढं घ्या,” ती म्हणाली. “माही पोरगी तिथं हाये. आता तांडा उठत नाही.”

मग ती गायरानाच्या वाटेला लागली. बाबूसिंग पागोटं हातात घेऊन तिच्या मागं गेला.