जिवंतपणी ल्याव, मेल्यावर चांग

मेल्यावर आडनाव बदलतं, याचं नानपू गावातल्या ल्याव मंडळींना कधी नवल वाटलं नाही. जन्मापासून मरेपर्यंत माणूस ल्याव. शाळेत ल्याव, लग्नात ल्याव, भांडणात शिव्या खायच्या त्याही ल्याव म्हणूनच. एकदा डोळे मिटले की चांग. थडग्याच्या दगडावर चांग, पूर्वजांच्या देवघरात चांग. बाहेरगावचा कोणी टेकडीवरच्या स्मशानात आला तर चक्रावून जायचा. गावात औषधाला एक चांग नाही आणि इथे मात्र ओळीने चांगच चांग.

त्याचं कारण गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. सहाशे वर्षांपूर्वी, समुद्रापलीकडच्या फूच्येन प्रांतात, चांग आडनावाचा एक तरुण ल्यावांकडे घरजावई म्हणून गेला. सासऱ्याला ती एकच मुलगी. त्याने जावयाला पोटच्या पोरासारखं वागवलं, घरदार, शेत सगळं त्याच्या ओंजळीत टाकलं. जावई म्हातारा होऊन मरायला टेकला तेव्हा मुलांना म्हणाला, "जगाल तोवर यांचं नाव लावा, यांचं अन्न खाल्लंय आपण. मेलात की माझ्या नावावर परत या. माझ्या बापाच्या घरीही कोणीतरी आलं पाहिजे." सौदा सरळ होता. तो कोणी मोडला नव्हता. मोडला तो सूछिनच्या भावाने.

सूछिन ल्याव ताइचुंग शहरातल्या मोठ्या इस्पितळात औषधांच्या खिडकीमागे बसायची. चाळिशी उलटलेली, लग्न न केलेली, आणि भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की चहा करायला उठून जाणारी बाई. वडील गेले तेव्हा ती रजा टाकून गावी आली आणि राहिली. अंगणात सोया सॉसचे रांजण होते, काळ्या दाण्यांवर मिठाचा जाड थर लावून बंद केलेले. ते उन्हाळ्याआधी उघडून चालणार नव्हतं आणि टाकूनही जाता येत नव्हतं.

थडग्याच्या दगडाचं काम धाकट्या भावाने, वेइपिनने, अंगावर घेतलं होतं. एरवी हे सगळं तिसरे काका बघायचे. कुळाच्या देवघराची किल्ली त्यांच्याकडे असायची. पण तेव्हा ते मांडीचं हाड मोडून च्याई शहरातल्या इस्पितळात पडले होते. वेइपिनने तायपेइहून परस्पर दगड मागवला. सूछिन टेकडीवर गेली तेव्हा तो बसवून झाला होता. गुळगुळीत, छान. वर कोरलं होतं, ल्याव थ्येनसुंग.

"अरे, हे काय केलंस?" ती म्हणाली. "चांग कुठाय?"

"ताई, तू पण?" वेइपिन हसला. "तू तर शिकलेली. बापाचं नाव ल्याव, माझं ल्याव. माझी पोरगी मोठी होऊन इथे आली तर आजोबा म्हणून तिने कोणाला हात जोडायचे?"

"काका ऐकतील तर डोक्यात राख घालून घेतील."

"घालू देत." मग त्याचं हसू ओसरलं. "खरं सांगू? मी नाही ठरवलं. शेवटी शेवटी माझा हात धरून आप्पाच म्हणाले होते. मला ल्यावच राहू दे म्हणून."

मरणाऱ्याने मागितलं आणि मुलाने दिलं, त्यात बोलणार काय? सूछिनने विषय सोडला.

हिवाळा लागला. नदीचं पात्र आटलं की तिथली राखाडी वाळू वाऱ्याबरोबर गावात येते. दारं लावा, फटी बुजवा, भातात कचकच लागायची ती लागतेच. रांजणांच्या झाकणांवर रोज वाळूचा थर बसायचा. आज पुसू, उद्या पुसू म्हणत सूछिनने चालढकल केली. मग एका सकाळी तिला दिसलं की झाकणं स्वच्छ आहेत. वेइपिनने पुसली असतील, असं तिला वाटलं. तो कारखान्यातून रजा वाढवून राहिला होता. त्याला बारीक ताप होता, अंगातून कणकण जात नव्हती.

नंतर औषधांची पुडी सापडली. वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, जेवणाच्या टेबलावर, मीठदाणीशेजारी. तिने त्यांची सगळी औषधं अंत्यविधीनंतर स्वतः फेकली होती. या पुडीवर कालची तारीख होती.

हा तिच्या धंद्यातला प्रकार होता, त्यामुळे ती घाबरली नाही, चिडली. तडक बाजारातल्या औषधांच्या दुकानात गेली. दुकानवाली श्ये बाई लहानपणापासून तिला ओळखायची.

"मेलेल्या माणसाच्या नावावर गोळ्या कशा देता तुम्ही?"

"कोण मेलं?" श्ये बाईने डोळे मोठे केले. "थ्येनसुंगबाबा काल इथे येऊन बसले की तासभर. गुडघा धरलाय म्हणत होते. बापाला मारतेस होय गं जिवंतपणी?"

"तुम्ही आला होतात ना अंत्यविधीला?"

श्ये बाईने कपाळाला आठ्या घातल्या. काहीतरी आठवायला बघत होती, आणि ते हाताला लागत नव्हतं. "कोणाच्यातरी गेले होते खरी," ती म्हणाली. "पण ते चांगांचं ना कोणीतरी?"

सूछिन घरी आली तेव्हा टळटळीत दुपार होती. वडील अंगणात होते. खाली वाकून, ओल्या फडक्याने, एकेक झाकण पुसत होते. दाढी केलेली. मानेवरचा मस जिथल्या तिथे. सावलीही पायाशी पडलेली, चारचौघांची पडते तशीच.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

तिने मान हलवली. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात गरम होता. तिला आनंद झाला. भीती वाटायला हवी होती हे तिला कळत होतं, पण आधी आनंद झाला, आणि ती तिथेच अंगणात उभी राहून रडली.

भीती वेइपिनमुळे आली. तो दिवसेंदिवस फिका पडत चालला होता. बाहेर पडून बरं वाटेल म्हणून ती त्याला पुलाजवळच्या शेवयांच्या गाडीवर घेऊन गेली. दोन वाडगे सांगितले. गाडीवालीने एकच आणला.

"दोन सांगितले होते."

"दोन?" बाईने समोरच्या स्टुलाकडे पाहिलं. वेइपिन त्यावर बसला होता, हात काखेत घालून, थंडीने काकडत. "कोणी यायचंय का अजून? आलं की देते ना, आत्ताच घेतलंत तर गार होईल."

वेइपिन उठला. गाडीवालीच्या टेलिफोनवरून त्याने तायपेइला बायकोला फोन लावला. सूछिनला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. "हॅलो? कोण आहे? बोला ना. नुसता वाराच येतोय." मागे त्याची मुलगी काहीतरी गाणं म्हणत होती. मग फोन बंद झाला. रिसीव्हर त्याने बराच वेळ कानाशी धरून ठेवला.

"ताई," तो म्हणाला, "मी आहे ना इथे?"

"आहेस रे." तिने त्याचा हात धरला. तो गार होता. ओल्या जमिनीला असतो तसा गार.

तिसरे काका नुकतेच इस्पितळातून घरी आले होते. सूछिन वेइपिनला घेऊन तडक त्यांच्याकडे गेली. कुबडी टेकवून ते देवघराच्या पायरीवर बसले होते. वेइपिनकडे त्यांचं लगेच लक्ष गेलं. सूछिनचा जीव भांड्यात पडला. कोणालातरी तो दिसला! पण काकांनी त्याला बस म्हटलं नाही, जेवलास का विचारलं नाही. त्यांनी उदबत्ती पेटवली, दोन्ही हातांत धरली आणि वेइपिनसमोर वाकले.

"काका!" ती ओरडली. "जिवंत माणसासमोर काय करताय हे?"

"मला काही जिवंत दिसत नाहीये." काकांचा आवाज रुक्ष होता. "मी जन्मभर चांगांचीच उठबस केलीय पोरी. मला माझी माणसं कळतात. दगडावर नाव काय घातलंत?"

तिने सांगितलं. काकांनी राख घालून घेतली नाही. 

"इकडे एक ल्याव जास्त झाला," ते म्हणाले. "म्हणजे तिकडे एक चांग कमी पडला. तिकडचे लोक दारात उभे आहेत. आपल्या घरातून कोणीतरी यायचंय हे त्यांना ठाऊक आहे. कोण, याच्याशी त्यांना काय करायचंय?"

"दगड बदलते. उद्याच्या उद्या."

"दगड बदलशीलच. पण आधी तुझ्या बापाला सांगायला हवं. कबरीत घालायच्या आधीच सांगायला हवं होतं, आजपासून तू चांग म्हणून. मयताला अंघोळ कोणी घातली होती?"

"मी."

"मग तुलाच सांगावं लागेल. तोंडावर, पूर्ण नावाने. आडनाव आणि नाव, दोन्ही."

"आप्पांचं नाव घेऊ मी? त्यांच्या तोंडावर?"

बापाचं नाव मुलांनी उच्चारायचं नसतं. शाळेत गुरुजींनी विचारलं तरी ती कागदावर लिहून द्यायची. आई गेली तेव्हा, वडील गेले तेव्हा, कधीही, एकट्यानेसुद्धा तिने ते नाव जिभेवर आणलं नव्हतं.

"घ्यावंच लागेल," काका म्हणाले. "बाप तर तुझा गेलेलाच आहे. भावाचं काय करायचं ते तू ठरव."

वेइपिन पायरीखाली उभा होता. वाळू त्याच्या बुटांवर साठत होती आणि तो ती झटकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने स्वयंपाक केला. रताळी घातलेला भात, कोबी, आल्याबरोबर वाफवलेला मासा. वेइपिन आतल्या खोलीत झोपून होता. सकाळपासून त्याचा आवाज आला नव्हता. तिने दोनदा जाऊन पाहिलं. दुसऱ्या खेपेला पांघरुणाखाली कोणी आहे हे कळायला तिला हाताने चाचपावं लागलं.

वडील हात धुऊन येऊन बसले. गुडघा धरून, कण्हत, नेहमीसारखे.

"मासा कुठला?"

"शीलुओच्या बाजारातला."

"ताजा आहे."

ते चवीने खात होते. सूछिन त्यांच्या जबड्याकडे बघत होती. किती साधं होतं सगळं. हा माणूस तिला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचा. तिला लग्न करायचं नव्हतं तेव्हा सगळ्या गावाशी एकटा भांडला होता. तो इथे बसून जेवतोय, आणि तिने त्याला उठवून मरायला पाठवायचं. आत तिचा भाऊ होता, आणि तायपेइत एक लहान मुलगी होती.

तिने वाडगा खाली ठेवला.

"आप्पा."

"हं?"

"तुम्हाला सांगायचंय."

त्यांनी वर पाहिलं. डोळ्यांत कुतूहल होतं, आणखीही काहीतरी होतं. तिला वाटलं, यांना माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे.

"चांग..." ती म्हणाली.

पुढचं नाव ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. तिने पुन्हा प्रयत्न केला. जन्मभराची सवय घशात हाडासारखी अडकली. वडील शांतपणे वाट बघत होते. मदत करत नव्हते.

तिने डोळे मिटले.

"चांगांच्या घरच्या माणसा," ती एका दमात म्हणाली, "आता तुझ्या घरी जा."

कोणी हललं नाही. बाहेर वारा पत्र्यावर वाळू ओतत होता.

"आलो," आतून वेइपिन म्हणाला.

आवाज खणखणीत होता. आजारी माणसाचा नव्हता. आत पलंग करकरला, बूट घातल्याचा आवाज झाला. तो बाहेर आला तेव्हा त्याने केस नीट विंचरले होते.

"वेइपिन! तू नाही रे! तुला नाही!"

त्याने तिच्याकडे वळून पाहिलं नाही. त्या नावाचं कोणी तिथे नव्हतंच. तो उंबरा ओलांडून, रांजणांच्या मधून, टेकडीच्या वाटेला लागला. कोणीतरी पुढे चालत असावं तसा, मधूनमधून मान डोलवत, बोलत.

ती दाराशी पोचली तेव्हा वाटेवर नुसती वाळू उडत होती.

"सूछिन," मागून वडिलांनी हाक मारली. "बस. त्याच्या बायकोला संध्याकाळी कळवू."

ती वळली. त्यांनी माशाच्या गालाजवळचा मऊ तुकडा काढून तिच्या वाडग्यात ठेवला होता. स्वतःचा वाडगा त्यांनी तिच्यापुढे केला.

"थोडा भात दे," ते म्हणाले.

सूछिनने वाढला.