एडनाचे माग

"माझ्याइतकी मूर्ख बाई अख्ख्या ब्रॅकनशॉत नसेल," असं ग्लेनिस हेस्केथ स्वतःच सांगायची, आणि ते खोटं ठरवायच्या फंदात कुणी पडत नसे. एवढा इतिहास शिकून, चाळिशी उलटल्यावर, ती दर शनिवारी मँचेस्टरहून आलेल्या पाहुण्यांना बंद पडलेली कापडगिरणी दाखवायची आणि मनाला येतील ती भुतं रचून सांगायची. मुंडकं नसलेला मुकादम तिचाच. जिन्यात रडणारं पोर तिचंच. पाहुणे खूश.

गावाचा खरा इतिहास ऐकायला कुत्रंही येत नव्हतं. तो सिरिल एन्टविसलकडे होता. ब्रॅकनशॉच्या गिरणीची चिमणी शेजारच्या गावाच्या चिमणीपेक्षा वीतभर उंच होती, हे त्याचं आयुष्यभराचं संशोधन.

"सिरिल, ती चिमणी पाडली," ग्लेनिस म्हणायची.

"असेना. होती तेव्हा उंच होती."

असल्या गावात राहायला भुतांना काय धाड भरलीय, असं ग्लेनिसचं स्पष्ट मत होतं.

त्या नोव्हेंबरात तिची एडनामावशी अंथरुणाला खिळली होती. ग्लेनिसला वाढवलं तिनेच, याच गिरणीत माग चालवून. आता खोकल्याने छाती भरली होती, आणि डॉक्टर दाराबाहेर येऊन हळू आवाजात बोलायला लागले होते. एका शनिवारी पाहुण्यांना कसंबसं वाटेला लावून ग्लेनिस दिवे मालवायला मागांच्या शेडमध्ये गेली. बाहेर दुपार कलून गेली होती.

पहिला दिवा मालवला, आणि वास आला. गरम तेल, ओला कापूस, घाम. मागांवर तर वर्षानुवर्षं धूळच होती... दुसरा दिवा मालवला, तेव्हा तळव्यांखालची फरशी थरथरायला लागली. आवाज मात्र कसलाच नाही. कानांत दडे बसल्यासारखी शांतता.

मागांच्या मधल्या वाटेत बायका उभ्या होत्या. ॲप्रन बांधलेल्या, केसांत कापूस अडकलेल्या. त्यांचे ओठ हलत होते.

माग चालू असले की शेजारणीचं बोलणंही ऐकू यायचं नाही. म्हणून इथल्या बायका ओठ ताणून, तोंडं वेंगाडून, आवाजाशिवाय बोलायच्या. मावशी घरीही तशीच बोलायची. ग्लेनिसला अक्षरं यायच्या आधी ओठ वाचता यायला लागले होते.

"हीच ती. आपल्यावर गोष्टी रचणारी."

"मुंडकं नसलेला मुकादम म्हणे. मुंडकं होतं गं त्याला. आत काही नव्हतं."

"हात बघ बाईसाहेबांचे. लोणी."

मग काळ्या दातांची एक म्हातारी पुढे झाली. "एडनाचे माग उभे आहेत," तिचे ओठ म्हणाले. "सोमवारी येतेय ना ती?"

गिरणीचा रिवाज ग्लेनिसला पाठ होता. माग रिकामा ठेवायचा नाही. बाई आजारी पडली तर तिच्या जागी बदली उभी राहणार. बदली नसली, तर आजारी बाईलाच उठवून आणणार.

परगावची कुणी असती तर किंचाळत पळाली असती. पण समोरून ओठांनी विचारलं तर ओठांनीच उत्तर द्यायचं, हे मावशीने लहानपणीच अंगवळणी पाडलेलं.

"नाही येणार ती..." ग्लेनिसचे ओठ हलले.

"मग बदली कोण? तू?" म्हातारीने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुला धोट्यातून धागा तरी ओढता येतो का?"

सगळ्या हसायला लागल्या. खांदे गदगदत होते, आवाज नाही. सिरिलपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना तुच्छ लेखण्यात ग्लेनिसचा जन्म गेला होता. तिच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. आणि डोळ्यांपुढे मावशीचं अंथरूण होतं.

"हो. मी," ती म्हणाली. "एडनाची भाची आहे मी."

हसणं थांबलं. म्हातारीने आडवा धागा वाहून नेणारा लाकडी धोटा पुढे केला. ग्लेनिसने तो तोंडाला लावला आणि भोकातून धागा श्वासाने आत ओढला, जसं मावशी ओढायची, जसं त्या सगळ्यांनी दात काळे होईस्तोवर ओढलं होतं. तेलाची चव जिभेवर आली, आणि फरशीची थरथर थांबली. शेडमध्ये कुणी नव्हतं.

ती धावतच घरी आली. मावशी उशीला टेकून बसली होती. गालांवर रंग आला होता, आणि ती टोस्टवर लोणी थापून खात होती. खोकला नव्हता.

"मावशी, मी सोमवारचं कबूल करून आलेय..."

मावशी नेहमीसारखी तिच्या ओठांकडे बघत राहिली. ग्लेनिसच्या जिभेला काहीतरी लागलं. तिने चिमटीत धरून ओढलं. पांढरा सुती धागा. हातभर आला, मग आणखी हातभर. घशाच्या पार खालून येत होता.

"मावशी... हा संपत नाहीये... तोडू का?"

मावशीने बोटाचं लोणी पुसलं.

"तोडू नकोस, पोरी. सोमवारी तिथूनच सुरू करायचंय."