पोटरीतली ओढ

दुपारी अडीचला अस्मिता बिबवेवाडीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावर पोचली, तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. घरोघरी जाऊन ड्रेसिंग करणारी ती नर्स. ज्ञानदेवकाकांच्या पोटरीची जखम ती तीन आठवडे सांभाळत होती. खराडीला ट्रकने त्यांची मोटरसायकल उडवली, मागे बसलेला त्यांचा मित्र बजरंग जागीच गेला, काका वाचले. पण जखम आणखी चिघळली असती, तर पायच गेला असता.

जखमेत स्पंज, वर हवाबंद पारदर्शक पट्टी, तिच्यातून निघालेली नळी उशाशी ठेवलेल्या छोट्या मशीनला जोडलेली. मशीन सतत हवा ओढून घेई. आतलं घाण पाणी डब्यात येई, सूज उतरे, कडा हळूहळू जवळ सरकत आणि तळाशी लाल, ताजं मांस धरे.

खोलीत पडदे ओढलेले. औषधाचा उग्र वास आणि मशीनची घरघर, एवढंच. तिने मशीन बंद केलं. आता स्पंज फुगून वर यायला हवा होता.

आला नाही.

तिने नळी काढली, पट्टी सोलली. हवा आत शिरली, तरी स्पंज तसाच चपटा, खोल बसलेला. चिमट्याने धरला, तर आतून कुणी हिसका द्यावा तसा तो आणखी खाली गेला.

काका छताकडे बघत होते.

"ताई... तो ओढतोय."

"कोण, काका?"

काका तुटक तुटक सांगू लागले. बजरंग जागीच गेला नव्हता. चाकाखाली अडकला होता, आणि दोन्ही हातांनी त्याने काकांची पोटरी घट्ट धरली होती. ट्रक पुन्हा हलला, तसा काकांनी पाय सोडवून घेतला. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"लाथ मारली मी... त्याच्या तोंडावर."

चिमट्याला बसणारी ओढ एकदम सैल पडली. स्पंज अलगद वर आला. खाली जखम लालबुंद, निरोगी होती.

पुढे काका बजरंगच्या घरी जाऊन सगळं सांगून आले. दीड महिन्यात जखम भरली, मशीन परत गेलं. शेवटच्या भेटीत अस्मिताने सवयीने त्या गुलाबी, कोवळ्या कातडीवर अंगठा टेकवून पाहिला. कातडी गार होती. काका खिडकीबाहेर बघत निवांत बोलत होते, त्यांना काहीच जाणवलं नव्हतं.

अस्मिताचा अंगठा मात्र वर येईना.